म्हैस सापडली का, तेवढं नानांना विचार

शिवकाशी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप अक्का यांच्या पायांशी धाकट्या भावाचा पोरगा भटू याचा इथूनच वाकून नमस्कार. (खरंच वाकलो. मागे उभ्या मुकादमाला वाटलं माझं काहीतरी पडलं. तोही वाकून शोधायला लागला.)

वर 'यांच्या' लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. पुढे अहो-जाहो मला जमायचं नाही आणि तुलाही ओळखू यायचं नाही की पत्र कोणाचं. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघतेस? धुळ्यात थंडी पडायला लागली असेल. इथे थंडी म्हणजे काय ते लोकांना समजावून सांगावं लागतं. माझी तब्येत ठीक आहे. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भाताचंच काहीतरी दळून वाफवलेलं. कळण्याची भाकरी स्वप्नात येते आणि स्वप्नातसुद्धा ठेचा दुसऱ्याच्याच ताटात असतो.

हे पत्र तुला समोरच्या महावीर शेठची हर्षिता वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. (हर्षिता, जय जिनेंद्र. एक ठरवून घेऊ. कंसात असेल ते मोठ्याने वाचायचं नाही, ते तुझ्या-माझ्यात. वरचा कंस वाचून झाला असेल तर झाला, पुढचे गाळ.) फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "बोल बाबा लवकर, बिल वाढतंय" म्हणून ठेवून देतेस. बिल तसं वाढत नाही आता, हे तुला तीन दिवाळ्या झाल्या मी सांगतोय. आणि हे काम लवकर बोलायचं नाही, सावकाश सांगायचं आहे. तुझ्या भावाचं गाऱ्हाणं आहे. म्हणजे आपल्या जीवराम नानांचं.

आधी कबूल करतो, माझे बापू गेल्यापासून घर नानांनी ओढलं. माझ्या पाठच्या सपनाची शाळा त्यांनी केली, माझीही केली असती, मीच ती अर्ध्यावर सोडून पळालो. सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, वापीला पिंपं धुतली, पुण्याला हॉटेलात शेवभाजी वाढली (तिला शेवभाजी म्हणणं हा तिचा अपमान होता, गोड होती ती), आणि आता दोन वर्षं इथे पुस्तकं बांधायच्या कारखान्यात आहे. कागदाचे मोठे ताव छापून येतात, त्यांच्या घड्या घालतात, त्या एकेका घडीला फर्मा म्हणतात. सगळे फर्मे क्रमाने एकावर एक रचायचे, शिवायचे, डिंक लावायचा, कडा कापायच्या, झालं पुस्तक. नाना म्हणतात, ज्याने आयुष्यात पुस्तक उघडलं नाही त्याला देवाने ती बंद करायच्या कामाला लावलं. बोलतात छान, त्याबद्दल वाद नाही.

तर उन्हाळ्यात इथे एक मराठी पुस्तक बांधायला आलं. अख्ख्या कारखान्यात मराठी वाचणारा मी एकटा, म्हणून मुकादमाने मला रांगेत पुढे उभं केलं की बाबा पानं क्रमाने लागताहेत का बघ. अक्का, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी वाचायला पगार दिला. पुस्तकावर लिहिलं होतं 'चित्रकादंबरी'. आत सगळी चित्रं. चौकटी-चौकटींत. कोणी बोललं तर डोक्यावर फुगा आणि फुग्यात दोन शब्द. मला वाटलं पोरांचं काहीतरी असेल, ससा-कासव. पण गोष्ट अशी, की एका गावात एक म्हातारा आहे, त्याला विसर पडतो. रोज सकाळी उठून तो आपली म्हैस शोधायला निघतो. ती म्हैस वीस वर्षांपूर्वीच विकलेली आहे. घरचे त्याच्यावर ओरडतात, दार लावून घेतात. आणि त्याची नात, असेल सपनाएवढी, ती गुपचूप कडी काढून त्याच्याबरोबर जाते. शोधायला. नसलेली म्हैस. एवढंच. उभ्या उभ्या एकेका फर्म्याला मी ती गोष्ट वाचत गेलो आणि पानं क्रमाने आहेत की नाहीत ते बघायचं राहून गेलं, त्यामुळे बोलणीही खाल्ली. पण वाकड्या कापल्या गेलेल्या प्रती रद्दीत जातात, त्यातली एक मी मागून घेतली, आणखी तशीच चार-सहा चित्रांची पुस्तकं घातली आणि खोकं आपल्या गावाला सपनाच्या नावाने पाठवून दिलं.

सपना तुला माहीतच आहे. तिच्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर 'वाचनाची आवड नाही' असं लिहिलंय. तिच्या हातात गाईडशिवाय दुसरा छापील कागद मी पाहिला नाही, आणि गाईडही ती गरम तवा धरल्यासारखं धरते. ह्या पोरीने खोकं उघडलं आणि चौथ्या दिवशी मला फोन. "दादा, ही पोरगी आजोबांना खरं का सांगत नाही रे?" मी म्हटलं, वाच पुढे. तर म्हणते, मी सावकाश वाचतेय, एका पानावर काल दिवसभर होते. त्या पानावर अक्षर एकही नाही, अक्का. नुसती रिकामी दावण आणि तिच्यासमोर म्हातारा बसलेला. त्या पानावर आपली सपना दिवसभर! मी फोन ठेवला आणि मुकादमाला चहा पाजला. त्याला कारण कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं.

आणि इथे नाना आले. ती ओट्यावर बसून पुस्तक बघत होती, नानांनी विचारलं काय गं हे, तिने दाखवलं, नानांनी वरचं नाव वाचलं आणि पुस्तक मिटून काखेत घातलं. त्यांचं म्हणणं असं, की चित्र लहानांचं असतं, कादंबरी मोठ्यांची असते, आणि दोन्ही एका पुठ्ठ्यात आली म्हणजे काहीतरी भानगड आहे. नाना गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. (वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची खोली, त्यात एक लोखंडी कपाट, त्यात पुस्तकं, आणि कपाटाची किल्ली नानांच्या करदोड्याला. आजवर त्या कपाटातून पुस्तकापेक्षा झुरळंच जास्त बाहेर गेली असतील.) त्यांनी जाहीर केलं की हे पुस्तक पोरांच्या हाती देण्याजोगं आहे की नाही ते गाव ठरवेल.

मी तेव्हा कानबाईच्या सणाला घरी आलोच होतो. रोट खायला भाऊबंद सगळे जमले होते, तूच नव्हतीस, गुडघ्यामुळे. त्यामुळे पुढचा तमाशा तुझा हुकला, म्हणून तो नीट सांगतो.

आपल्याकडे श्रावणात मारुतीच्या देवळात चिंधा आबा पोथी वाचतात आणि नाना अर्थ सांगतात, ते तू लहानपणापासून पाहिलंस. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायची गावाला तेवढी एकच रीत माहीत आहे. चार लोकांत मोठ्याने वाचायचं, ज्याला लाज वाटेल तो उठेल. म्हणून कानबाई नदीत शिरवल्यावर, मंगळवारी संध्याकाळी, नानांनी चित्रकादंबरी देवळात नेली. आबांनी पाटावर लाल कापड अंथरलं, पुस्तक ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि चष्मा लावला. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे. मी मागे खांबाला टेकून. (सपना बायांत. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला नाही.)

आबांनी गणपतीला वंदन केलं आणि पहिलं पान उघडलं. त्यावर धुकं. अक्षर नाही. आबांनी पान उलटलं. धुक्यात म्हातारा. अक्षर नाही. आबांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. त्यांना वाटलं, गेली आपली नजर, ती पण भर सभेत. तिसऱ्या पानावर एकदाचा फुगा सापडला. आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोथीच्या चालीवर आवाज लावला, "आऽजोबाऽऽ!" मग पान उलटून, "कुऽठे निघालाऽत?" मग पुढचं पान. "हंऽऽऽ." आणि टाळवाल्याने सवयीने टाळ मारला.

आता 'हं'चा अर्थ सांगायची पाळी नानांची. अक्का, तुझा भाऊ हरणारा नाही. नाना म्हणाले, 'हं' म्हणजे होकार. माणूस संसारात कोणाला होकार देतो? बायकोला देतो, सावकाराला देतो, पुढाऱ्याला देतो. पण हा होकार तसा नाही. 'हं' आला की नाना तो घेऊन पार मोक्षापर्यंत जायचे. परत यायला त्यांना वेळ लागत होता, तोवर आबा पुढची मुकी पानं उलटून ठेवायचे. शेवटी बेबाबाई (तीच, पिठाच्या गिरणीवाली) मधून ओरडली, "ओ आबा, पन म्हातारा चालना कोठे?"

आबा म्हणाले, "ते लिखेल नही शे."

"मंग दखाडा ना भो! फोटू तं दिसी ऱ्हायना तठे!"

"पोथी ऐकानी ऱ्हास, देखानी नही," आबांनी ठणकावलं.

तिथे सगळं फसलं बघ. कोणालाही त्यांनी पुस्तक फिरवून दाखवलं नाही. पोथी कोणी फिरवून दाखवतं का? ती आबांकडे तोंड करून होती आणि गाव तिच्या पाठीकडे बघत बसलं होतं. मध्ये एका पानावर पाऊस होता, त्याचे आवाज लिहिलेले. आबांनी चालीवर म्हटलं, "टप. टप. टपऽऽ." बेबाबाईने वर छताकडे पाहिलं आणि आपली पिशवी सरकवून घेतली. शेवटची पंधरा-वीस पानं तर साफ मुकी निघाली. आबांनी ती नोटा मोजल्यासारखी भराभर उलटली, पुस्तक मिटलं, डोक्याला लावलं आणि पुंडलिक वरदा केलं. बाहेर प्रसादाच्या शिऱ्याचा रवासुद्धा अजून भाजायचा होता.

"इतलंच शे?" म्हणून बाया एकमेकींना विचारायला लागल्या. उठावंसं कोणाला वाटलं नाही, कारण लाज वाटण्याजोगं काही ऐकूच आलं नव्हतं. तेव्हा नानांनी निकाल दिला. आजोबा, हं आणि टपटप, एवढाच ऐवज आहे. आठवीच्या पोरीने अशावर वेळ घालवणं म्हणजे तिचं नुकसान. हे बालवाडीचं पुस्तक आहे. आणि दुसऱ्या दिवशी ते अंगणवाडीत सुनंदाबाईंकडे पोचतं केलं. सपना म्हणाली, नाना, मी अर्ध्यावर आहे. नाना म्हणाले, मोठी झालीस, बाळबोध सोड आता.

अंगणवाडीत जे झालं ते सुनंदाबाईंनी मला स्वतः सांगितलं, म्हणून ते खरं. त्यांनी पुस्तक मध्येच उघडलं. तिथे दोन पानं भरून एकच चित्र आहे, म्हशीचा डोळा. काळाभोर, ओला, आत म्हातारा दिसतोय एवढासा. पोरं आधी पुढे सरकली. मग एकाने आपल्या वाटीतली खिचडी उचलून डोळ्याखाली, जिथे तोंड असायला हवं तिथे ठेवली. म्हशीला. दुसरी म्हणाली मी देणार. तिसऱ्याने पहिल्याला ढकललं. भांडणात सगळ्यांनी एकदम भोकाड पसरलं, ते कुंपणापलीकडे गेलं, आया धावत आल्या आणि त्यांना दिसलं काय, तर मधोमध तो भयानक डोळा आणि भोवती रडणारी पोरं. सुनंदाबाई जीव तोडून सांगत होत्या की पोरं घाबरली नाहीत, खाऊ घालायच्या नंबरावरून रडताहेत. कोणी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की भटूने शिवकाशीहून भुताचं पुस्तक पाठवलं, चार पोरांना ताप भरला. (ताप एकालाच होता आणि तो आदल्या दिवसापासूनचा. त्याने म्हैस पाहिलीच नव्हती.)

मग वाचनालयात बैठक. नाना पुस्तकाला लागलेली खिचडी पुसत होते. ठराव असा झाला, की लहानांना हे देऊ नये कारण ते झोपेत ओरडतील. मोठ्या मुलांना देऊ नये कारण चित्रं बघून त्यांचं वाचन सुटेल. आणि कर्त्या माणसांनी अशा पोरकट वस्तूला हात लावणं बरं दिसत नाही. म्हणजे अक्का, जन्माला आलेल्या एकाही माणसासाठी ते पुस्तक नव्हतं. वर नाना माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा बघा. हा असाच चित्रं बघून बिघडला." मी म्हटलं नाना, मी बिघडलो ते गणिताने, आणि गणिताच्या पुस्तकात एकही चित्र नव्हतं. लोक हसले. ते हसले म्हणूनच बहुतेक अख्खं खोकं कपाटात गेलं आणि कुलूप लागलं.

सपना रडली असती तर मी पत्र लिहिलं नसतं. ती रडली नाही. ती म्हणाली, "जाऊ दे दादा, मला नाहीतरी वाचायला कुठे आवडतं." हे 'जाऊ दे' मी ओळखतो. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना मी पण हेच म्हणालो होतो, आणि तेव्हापासून जातोच आहे. आज इथवर आलो. पुढे फक्त समुद्र आहे.

असो. पत्र लांबलं. तुझ्या हातचं लिंबाचं लोणचं कोणी इकडे येणारं असेल तर पाठव. शेजाऱ्यांना आणि महावीर शेठना नमस्कार. (हर्षिता, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांगताना मी कंसात काय काय लिहिलं ते सांगू नको.)

दर दिवाळीला यायचं कबूल करून न येणारा,
तुझा भटू

ता. क. लोणच्याचं खरं नाही, खाणावळीत लोणचं मिळतं. खरं काम वेगळंच आहे. भाऊबीजेला नाना तुझ्याकडे धुळ्याला येतील, ते एकदाही चुकवत नाहीत. ओवाळून झालं की ते खिशात हात घालतील. तेव्हा म्हण, नोट राहू दे भाऊ, करदोड्याची किल्ली घाल ताटात. ओवाळायला बसलेली थोरली बहीण आणि पाटावर बसलेला भाऊ, तो उठून जाणार कुठे? नाही म्हणाले तर ताट हातात धरून तशीच उभी राहा. (गुडघा दुखला तर हर्षिता स्टूल देईल.)

ता. क. दुसरं. "ते पुस्तक मी उघडूनही पाहिलं नाही, कोणाला का देऊ?" असं नाना म्हणतील. म्हणू दे. त्यावर वाद घालू नको. कुंकू लावता लावता सहज विचार, "पन भाऊ, म्हैस सापडनी का रे शेवटले?" सापडली म्हणाले तरी पकडले गेले, नाही म्हणाले तरी पकडले गेले. कारण शेवट मुका आहे, आबांच्या तोंडून तो कोणीच ऐकलेला नाही. सपना सांगते, नाना हल्ली रोज दुपारी वाचनालयात कसर लागू नये म्हणून कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवायला जातात. पाला एक मूठ असतो. यायला दिवे लागतात. जाताना चष्मा नेतात. आणि परवा जेवता जेवता त्यांनी हातातला घास तसाच ठेवला आणि आईला विचारलं, "आपली चांदी कोनले इकेल व्हती वं?" चांदी म्हणजे तुमच्या घरची ती म्हैस, तुझ्या लग्नाच्या वेळी विकलेली. आईला काय ठाऊक, ती तेव्हा जन्मलीही नव्हती. नाना मग जेवले नाहीत. तर त्या प्रश्नाचं उत्तर तुलाच माहीत असेल. किल्ली मिळो न मिळो, तेवढं त्यांना सांगून टाक.

ता. क. तिसरं. हे कोणाला सांगू नको. म्हैस सापडते की नाही ते मलाही माहीत नाही. शेवटचा फर्मा लावायला माझ्यापुढे एक तमिळ म्हातारी असते, तो माझ्या हातात आलाच नाही. घरी आल्यावर निवांत वाचू म्हणून मी खोकं तसंच बांधलं होतं. म्हातारीला विचारलं तर ती नुसतं डोळ्याला पदर लावते, आणि तमिळमध्ये पदर लावला म्हणजे सापडली की नाही ते मला कळत नाही. म्हणून किल्ली हातात घेण्याआधी उत्तर घे आणि ते आधी मला कळव. फोन कर. बिल मी भरतो.

ता. क. शेवटचं. हर्षिता, एवढं वाचून झालं की थांब आणि कागद अक्काच्या हातात दे. मागच्या बाजूला मी चार चौकटी काढल्या आहेत, त्या तुला मोठ्याने वाचता यायच्या नाहीत. अक्का, तुला अक्षर येत नाही ते बरंच आहे, ह्यात अक्षर नाहीच. पहिलीत धुकं आहे. दुसरीत म्हातारा (नानांसारखा झाला, मुद्दाम केलेला नाही). तिसरीत म्हशीचा डोळा. चौथी मोकळी ठेवली आहे. भाऊबीजेला पेन्सिल नानांच्या हातात दे.